लासुर्ण्याला विचारायला गेले ते

आमच्या नागपूरकडून बारामती-इंदापूरला हिंडायला म्हणून कोणी जात नाही. तिकडे जायचं तर नातं लागतं, नाहीतर साखर कारखान्यात काम निघावं लागतं. मीही हिंडायला गेले नव्हते. लासुर्ण्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे, तिला एक प्रश्न विचारायला गेले होते. टेलिफोनच्या बूथमध्ये, मागे माणसं ताटकळत असताना ओरडून विचारण्यासारखा तो नव्हता.

प्रश्न कळायचा तर आधी थोडं माझं सांगावं लागेल.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. पन्नाशी जवळ आली. लहानपणापासून माझं डोकं एका जागी ठरत नाही. धुणं भिजवायला गेलं की कोनाड्यातली कात्री दिसते, कात्री दिसली की परकराची शिवण आठवते, शिवण काढायला बसलं की बाहेर कोणीतरी हाक मारतं, आणि संध्याकाळी धुणं बादलीत तसंच. ताई माझ्यासारखीच. आमचे वडील आम्हा दोघींना भिंगऱ्या म्हणायचे. तेव्हा ते लाडाचं होतं. पुढे नोकरीत मी युक्त्या शोधल्या. कात्री कमरेला बांधायची, औषधाची वेळ तळहातावर लिहायची, आणि ड्यूटी शक्यतो अपघात विभागात मागून घ्यायची. तिथे रक्त, रडारड, धावपळ. इतरांचे हातपाय गळायचे तिथे माझं डोकं मात्र कधी नव्हे ते सरळ चालायचं. पाळीच्या आधीचे चार दिवस तेवढे वाईट जायचे. त्या दिवसांत मी कमी बोलायचे आणि सगळं दोनदा तपासायचे. असं सगळं आयुष्य निभावलं.

दोनेक वर्षांपूर्वी पाळी मागेपुढे व्हायला लागली. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडायची. ते मला माहीत होतं, शेकडो बायकांना मीच समजावलं होतं. पण त्याबरोबर माझ्या सगळ्या युक्त्या एकेक करून मेल्या. तळहातावर लिहिलेलं वाचायचं हेच आठवेना. वाक्य अर्ध्यावर सुटायचं. साध्या गोष्टीवरून मुलावर इतकी ओरडायचे की मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. पूर्वी चार वाईट दिवस असायचे, आता सगळेच दिवस तसले.

त्याच सुमारास माझी ड्यूटी मुलांच्या मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात लागली. एक तरुण डॉक्टर एका आईला समजावत होते. तुमचा मुलगा वाईट नाही, आळशी नाही, त्याचं लक्ष ठरत नाही, हा आजार आहे, त्याला एडीएचडी म्हणतात. मग ते लक्षणं सांगू लागले आणि मी हातात ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले. ते माझं चरित्र सांगत होते. आई गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, हे बायकांना असतं का? मोठ्या बायकांना?"

ते हसले. "सिस्टर, हा मुलांचा आजार. वयात आलं की जातो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाहेरच्या देशांत काही जण म्हणतात, मोठेपणीही राहतो. पण पाळी जायच्या वयात वाढतो वगैरे मी तरी कुठे वाचलेलं नाही."

पुढच्या महिन्यात मी एका म्हाताऱ्या बाबांच्या दंडाला स्पिरिट लावत होते. ते म्हणाले, "सिस्टर, मघाशीच तर टोचलं तुम्ही." मी त्यांना सुई टोचून, वळून, पुन्हा तेच औषध भरून आणलं होतं. बाबा जागे होते म्हणून वाचले. मी स्वतःच मेट्रनकडे जाऊन सांगितलं. त्यांनी मला रजा दिली. "जाऊन या कुठेतरी," त्या म्हणाल्या. "आल्यावर मला सांगा, तुम्हाला वॉर्डात ठेवू की नको. तुम्ही सांगाल तसं करीन."

मला सांगता येणार होतं ते एकाच माणसाला विचारून. ताई माझ्याआधी या वयातून गेली होती. तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला मास्तरकी मध्येच सोडावी लागली, एवढं आम्हाला माहीत होतं. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला एवढंच विचारायचं होतं, की पाळी एकदाची गेली, शरीर शांत झालं, म्हणजे डोकं परत येतं का?

इंदापूर, चुकून

दौंडला कोल्हापूरची मोठी गाडी सोडून बारामतीची पॅसेंजर घेतली. गाडी हलल्यावर लक्षात आलं, ताईसाठी आणलेल्या संत्र्यांची पिशवी मोठ्या गाडीतच राहिली. संत्र्यांचं कोल्हापूर झालं. बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरची एसटी लासुर्ण्यावरून जाते. कंडक्टरला सांगून खिडकीशी बसले.

डिसेंबर होता. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुमच्या डोळ्यांना काळी जमीन, कापूस आणि तूर यांची सवय असेल. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाला पांढरे तुरे आलेले. ऊस भरलेल्या बैलगाड्या एकामागोमाग चाललेल्या, बैलांच्या शिंगांना गोंडे. हवेला मळीचा आंबूस वास. तो वास कशासारखा आहे याचा मी विचार करू लागले. मोहाच्या फुलांसारखा, मग मोहावरून मामाचं गाव, मामाच्या गावावरून त्याची आंधळी म्हैस, आणि म्हशीपर्यंत पोचले तेव्हा कंडक्टर समोर उभा होता.

"अवो बाई, तुमाला लासुर्नं पायजे व्हतं न्हवं? ते कवाच मागं ऱ्हायलं. दोनदा वरडलो मी!"

"आता कुठलं गाव आलं?"

"आता? आता इंदापूर की!"

अशा रीतीने मी इंदापूर पाहिलं. परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टँडसमोरच्या रस्त्याने चालत होते तोच ती वाफ आली. लोक स्वेटर घालून हिंडत होते आणि मी मानेपासून पाठीपर्यंत भिजले. समोर बांगड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसले.

"आत या बाई, हितं उन्हात कशाला बसलाय?" दुकानातून एक बाई बोलल्या. माझ्याच वयाच्या, डोक्यावरून पदर, दातांत मिशरी. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागल्या. "वाफा येत्यात व्हय? मला बी अशाच यायच्या. थंडीत पंखा लावायची, तर आमचं ह्ये घोंगडं घिऊन बाहेर झोपायचं."

त्यांचं नाव शकीलाभाभी. नवरा गावोगावच्या बाजारांना जायचा आणि दुकान त्या बघायच्या. कोण, कुठली, काय जात असं काही न विचारता त्यांनी जेवणाचा डबा उघडला. "उजनीचं मासं हाय. खाताय न्हवं?" आमच्याकडे मासा आधी तळतात मग रश्शात सोडतात. हा कच्चाच रश्शात शिजवलेला, चिंच घातलेला, बाजरीच्या भाकरीशी. इतकं चवीचं मी त्या प्रवासात दुसरं काही खाल्लं नाही.

खाता खाता मी त्यांना विचारलं, "भाभी, वाफांचं सोडा. डोक्याचं काय झालं होतं तुमच्या?"

"डोकं? बधिर! चष्मा कपाळावर, आन् घरभर हुडकायची. एकदा चुलीवर दूध ठिवून शेजारी लग्नाला गेले. आमची सासू म्हनली, हिला लागीर झालंय."

"मग?"

"मग काय? वर्सा-दीड वर्सात गेलं समदं. आता बगा, दुकान मी एकटी सांभाळते. समद्यांचं व्हतं वो बाई. आन् समद्यांचं जातं."

समद्यांचं जातं. परतीच्या गाडीत हे वाक्य मी मनात धरून बसले, आणि कंडक्टरच्या मागच्याच बाकावर बसले.

लासुर्णे

फाट्यावर भाऊजी सायकल घेऊन उभे होते. दुपारपासून उभे असणार, पण तसं बोलले नाहीत. "जय भीम. इंदापूर बगून आला न्हवं?" म्हणाले. "तुमच्या ताईनं दुपारीच सांगितलं, ती पुढं जानार म्हनून."

ताईच्या लग्नाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. भाऊजींचे वडील दीक्षेच्या वर्धापनदिनाला नागपूरला यायचे आणि आमच्या घरी उतरायचे. त्या ओळखीतून सोयरीक जुळली. विदर्भातली मुलगी एवढ्या लांब देणारे आमचे वडील पहिलेच. भाऊजी कारखान्यात फिटर होते, ताईला गावच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. त्यांचा मुलगा मिलिंद आता पुण्यात असतो.

घर गावाच्या कडेला, बौद्धवस्तीत. तीन खोल्या, वर स्लॅब, भिंतीत बुद्धमूर्तीचा कोनाडा, आणि मागच्या दाराला लागूनच दुसऱ्याचा ऊस. ताई दारात उभी होती. केस पांढरे झालेले, अंगाने भरलेली. मला बघून तिच्या तोंडून पहिलं वाक्य नागपूरचं निघालं. "काहून गं, किती उशीर करून राहिली?" आणि दुसरं इथलं. "ये, हात-पाय धू. च्या घेशील न्हवं?" इतक्या वर्षांत तिची बोली बदलली होती. फक्त आनंद आणि राग तेवढा जुन्या बोलीत यायचा.

चहा भाऊजींनी केला. भाकऱ्याही भाऊजींनीच थापल्या. आमच्या घरात कोणा पुरुषाने परातीला हात लावलेला मी पाहिलेला नाही, मी बघतच राहिले. हुलग्याचे शेंगोळे, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. शेंगोळे म्हणजे पिठाचे वळलेले वेटोळे, आमटीत उकडलेले. आमच्याकडच्या पाटवडीच्या रश्शाला भाऊ म्हणता येतील, पण तिखट कमी.

"गॅसकडं मला जाऊ देत न्हाईत," ताई हसत म्हणाली. "आन् बरोबर बी हाय त्यांचं."

रात्री पांघरायला तिने वाकळ काढून दिली. जुन्या लुगड्यांची, रंग सुंदर जुळवलेले, टाका बारीक. निम्म्यावर टाके संपत होते आणि पुढे नुसत्या टाचण्या. मी दुसरी मागितली. तीही अर्धी. तिने कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत वाकळा रचलेल्या होत्या.

"एक बी पुरी न्हाय त्यातली," ती म्हणाली. "सुरू करताना वाटतं, ही व्हनार."

सकाळी भाऊजी विहिरीवर पाणी आणायला निघाले तेव्हा मी सोबत गेले. ताईने नोकरी का सोडली ते मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. त्यांनी घागर खाली ठेवली आणि उसाकडे बघत सांगितलं.

"लई चांगली मास्तरीन व्हती वो ती. वर्गात एका टायमाला चार गोष्टी चालायच्या, आन् पोरं जागची हलायची न्हाईत. मग त्ये वय आलं. हजेरी घ्यायची ऱ्हायची. एकदा पोरं घिऊन कालव्यावर गेली, झाडं दाखवायला. परत आली. एक पोरगी बाभळीखाली झोपली व्हती, ती तितंच ऱ्हायली. हिच्या ध्यानातच न्हाय. पोरीची आय दारात आली तवा कळलं."

"पोरगी?"

"सुखरूप व्हती. झोपलेलीच घावली. आयबाप काय बोललं बी न्हाईत. उलट म्हनले, बाई, व्हतं असं, तुमी मनाला लावून घिऊ नका. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर ती आज शाळंत असती. दुसऱ्या दिवशी जाऊन राजीनामा देऊन आली. म्हनली, माझा माझ्यावर भरवसा न्हाय."

मी त्यांना दंडाला दोनदा स्पिरिट लावल्याची गोष्ट सांगितली नाही. पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून वाटलं, मी का आले हे त्यांना समजलं आहे.

कालव्यावर

दुपारनंतर आम्ही दोघी कालव्याच्या बाजूने चालत निघालो. नीरेचं पाणी, हिरवट, आवाज न करता वाहणारं. नागपूरला आम्हाला तलाव माहीत, उभं पाणी. हे पाणी सरळ रेषेत, कुठेही न रेंगाळता जात होतं. ताई पुढे, मी मागे. चालताना तिचं डोकं बरं चालतं, असं ती म्हणाली. माझंही.

"ताई, मिलिंदच्या वेळी तू कशी होतीस? पोटात असताना?" मी विचारलं.

ती थांबली. "का गं?"

"सांग तर."

"राणी होते मी," ती म्हणाली आणि बोली एकदम नागपूरची झाली. "काय सांगू तुला. डोकं असं लख्ख. घरचं सगळं आवरून शाळेत पहिली पोचायची. सासूबाई म्हणायच्या, हिला रोज दिवस जायला पाहिजेत. बाळंत झाली आणि सगळं पुन्हा विस्कटलं."

माझंही अगदी तसंच झालं होतं. माझ्या मुलाच्या वेळचे नऊ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात नीटनेटके. मग मी पाळीच्या आधीच्या दिवसांचं विचारलं. तिचंही तेच. मी तिला सगळं सांगितलं. तो डॉक्टर, तो मुलगा, तो आजार, त्याची चार अक्षरं. शरीरातला तो बाईपणाचा रस वाढला की आपलं डोकं जागेवर येतं, कमी झाला की सुटतं, आणि आता तो आटत चालला आहे, असं मला वाटतं, हेही सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात आहे का ते मला माहीत नाही. आम्हा दोघींच्या अंगावर मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं.

ताई कालव्याच्या कठड्यावर बसली.

"म्हणजे आजार होता," ती म्हणाली. "मी आपली समजत होते, मी वाईट."

मला वाटलं, आता ती रडेल. पण ती हसायला लागली. "आणि मला म्हणे चंचल आहे म्हणून ध्यान शिकायला पाठवलं होतं. दहा दिवस मुक्याने बसायचं! मी तिसऱ्या दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटून राहिली होती आणि बायांना गोष्टी सांगून राहिली होती. हाकलून दिलं मला."

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या काठावर म्हशी धुणारा माणूस बघत राहिला. तेव्हाच विचारायला हवं होतं. ओठावर आलं होतं. पण ती हसत होती, आणि मला भीती वाटली.

बारामती

बारामतीला जळोचीच्या रस्त्याला एक बाईडॉक्टर नव्या आल्या आहेत असं भाऊजींना कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही तिघंही गेलो. वाटेत बाजार होता. मोठं, श्रीमंत होत चाललेलं गाव. ट्रॅक्टरच्या शोरूमशेजारी म्हशींच्या गळ्यातल्या घुंगरांचं दुकान. ताई दोनदा गर्दीत नाहीशी झाली आणि दोनदा भाऊजींनी न चिडता तिला शोधून आणलं.

डॉक्टर शांत होत्या, त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, धोकेही सांगितले. मी म्हटलं, "डॉक्टर, वाफांचं मी सोसेन. डोक्याचं सांगा." आणि त्या आजाराचं नाव घेतलं.

"ते लहान मुलांचं," त्या म्हणाल्या. "तुमचं वयाचं आहे. थोडा ताण, थोडं रिकामपण. एखादा छंद लावून घ्या."

ताईच्या मनात तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर भरलं होतं, ती उठून चित्रं बघायला गेली. डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, "यांना विसरण्याचा आजार तर नाही ना?" मग ताईला बोलावून प्रश्न विचारले. वार, महिना, गावाचं नाव, नवऱ्याचं नाव. ताईने सगळ्यांची उत्तरं दिली. मग, बहुधा डॉक्टरांना मदत व्हावी म्हणून, तिने औटकी म्हणायला सुरुवात केली. साडेतीनाचा जुना पाढा, न अडखळता, शाळेतल्या सुरात. डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या.

"वा! मग यांना काहीच झालेलं नाही," त्या समाधानाने म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ताई जिन्याच्या पायरीवर बसली. "काईच झालं न्हाय म्हनं," ती म्हणाली. "मला समदं समजतं गं. काय करायचंय ते समजतं, कसं करायचंय ते समजतं. हात उचलंपत्तुर मन निघून जातं. डोकं गेलं असतं तर बरं. निदान गेलेलं कळलं नसतं."

भाऊजींनी रसवंतीवरून तिघांना उसाचा रस आणला, आलं घातलेला. आम्ही तो उभ्यानेच प्यायलो. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि काहीच दिसत नव्हतं. शकीलाभाभींचं वाक्य आठवून पाहिलं. समद्यांचं जातं. भाभींचं डोकं आधी जागेवर होतं, म्हणून त्याला परत जायला जागा होती. आमचं कुठे परत जाणार? जन्मापासून आम्ही ज्या दोऱ्यांनी ते बांधून ठेवलं होतं, त्या दोऱ्याच तुटल्या होत्या. हे मला त्या गाडीत बसून कळलं. तरी मनाने हट्ट सोडला नाही. ताईला विचारल्याशिवाय कशावरून, असं ते म्हणत राहिलं.

शेवटची सकाळ

निघायच्या दिवशी धुकं होतं. उसाचे तुरे तेवढे वर दिसत होते, खाली काही नाही. भाऊजींनी डबा बांधून दिला, काकवीची बाटली दिली, आणि पिशवीचा बंद माझ्या मनगटाला दोनदा गुंडाळून गाठ मारली. "संत्र्यांवानी करू नका," म्हणाले. फाट्यापर्यंत ताई एकटीच आली. आम्हा दोघींना मोकळेपणी बोलता यावं म्हणून ते घरी थांबले असावेत.

फाट्यावर आम्ही दोघीच होतो. लांबून गाडीचा आवाज येऊ लागला आणि मला कळलं, आता नाही तर नाही.

"ताई, खरं सांग. सगळं थांबल्यावर, शांत झाल्यावर, परत येतं का गं डोकं? पूर्वीइतकं नको. आपलं होतं तेवढं तरी?"

"नाही," ती म्हणाली.

एका क्षणात. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. आणि लगेच तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, आणि तिचे डोळे असे मोठे झाले की मी घाबरले.

"ताई?"

"मी ठरवलं होतं," ती हातांच्या आडून बोलली. "तू आली त्याच दिवशी मला समजलं काहून आली ते. हे म्हणाले, तिला धीर दे, तिची नोकरी आहे. मी म्हटलं, येतं म्हणून सांगीन. दोन-चार वर्षं लागतात, पण येतं, असं सांगीन. रोज मनात म्हणून पाहत होते. आणि तू विचारलं, आणि निघून गेलं तोंडातून." ती रडत होती. "एवढं एक खोटं पण धरून ठेवता नाही आलं गं मला."

मी तिला जवळ घेतलं. मला स्वतःसाठी काही वाटायला वेळच मिळाला नाही. एसटी येऊन थांबली, कंडक्टर "चला, बारामती, बारामती" करू लागला. मी चढले, खिडकीशी बसले. घंटी वाजली, गाडी हलली, आणि ताई गाडीबरोबर चालू लागली, मग पळू लागली. पदर सुटलेला, पांढरे केस विस्कटलेले.

"कुसुम! येतं गं!" ती ओरडत होती. "मी चुकीचं बोलले! कोणाकोणाचं येतं परत! तुझं येईल!"

मी खिडकीतून जोरजोराने मान हलवली, ऐकलं म्हणून. हात हलवला. हसलेसुद्धा. ती थांबली, तिनेही हात हलवला, आणि धुक्यात दिसेनाशी झाली. बाजूच्या बाई म्हणाल्या, "बहीन वाटतं. लई जीव हाय तुमच्यावर."

नागपूरला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेट्रनपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, कसं होतं तिकडे. मी ऊस सांगितला, कालवा सांगितला, इंदापूरचा मासा सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि काय ठरवलं?"

"मला औषधांजवळ ठेवू नका. चादरींच्या खोलीत द्या."

"किती दिवस?"

"कायमचं," मी म्हटलं.